बाळाच्या नावाची लोकप्रियता: यादीतला क्रमांक पाहावा की चढाचा वेग?

प्रश्न: ओंजळ

सर्वांना नमस्कार. तीन महिन्यांनी आमच्याकडे बाळ येणार आहे आणि गेले काही आठवडे मी व माझे पती नावांच्या याद्या वाचत आहोत. आम्ही राहतो त्या देशात जन्मनोंदणीवरून दरवर्षी नावांची क्रमवारी प्रसिद्ध होते. मुलगी झाली तर ठेवायचे म्हणून आम्ही एक नाव मनात धरले होते. ते ऐकायला गोड आहे, उच्चारायला सोपे आहे आणि आमच्या ओळखीत ते कोणाचेही नाही, म्हणून ते आम्हांला आमचेच वाटत होते. परवा यादी उघडून पाहिली, तेव्हा चार-पाच वर्षांपूर्वी कुठेतरी तळाशी असलेले हेच नाव दरवर्षी वर सरकत आता पहिल्या शंभरांच्या जवळ आले आहे असे दिसले.

मला याचे वाईट वाटले, पण त्याहून अधिक आश्चर्य वाटले. आम्ही हे नाव कोणाचे पाहून निवडलेले नाही, कोणत्याही प्रसिद्ध व्यक्तीचे ते नाही, आणि तरीही आमच्यासारख्या शेकडो अनोळखी घरांत त्याच सुमारास तेच नाव सुचले. हे कसे घडते, हे मला समजून घ्यायचे आहे.

दुसरा प्रश्न व्यवहाराचा आहे. असे चढत असलेले नाव ठेवले, तर मुलीच्या वर्गात त्याच नावाच्या आणखी मुली असण्याची शक्यता खरोखर किती असते? आणि वीस वर्षांनी ते नाव ऐकताच माणसे तिच्या जन्माचे साल ओळखतील, असे होईल का? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. 'आवडले ना, मग ठेवा' असा सल्ला आम्हांला घरातून मिळालेला आहे आणि तो मला मान्यही आहे, पण प्रश्न समजून घेण्याची इच्छा त्याने भागत नाही.

उत्तर १: अंकगणिती

ओंजळ, आपला व्यवहाराचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे आकडे स्पष्ट बोलतात आणि तरीही बहुतेक आईवडील चुकीचा आकडा पाहतात. यादीत ठळक छापलेला असतो तो क्रमांक. प्रत्यक्षात पाहायचा असतो तो वाटा, म्हणजे त्या वर्षी जन्मलेल्या शंभर मुलींपैकी किती जणींना ते नाव मिळाले.

क्रमांक तोच राहतो आणि वाटा मात्र काळाबरोबर फार बदलतो. अमेरिकेतल्या सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनच्या, म्हणजे तिथल्या सामाजिक सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या, याद्या १८८० सालच्या जन्मांपासून उपलब्ध आहेत, म्हणून उदाहरण तिथले घेतो. १८८० साली तिथे पहिल्या क्रमांकावर असलेले जॉन हे नाव शंभरांतल्या आठ मुलग्यांना दिले गेले होते आणि मुलींमध्ये मेरीचा वाटा सात टक्क्यांहून अधिक होता. १९४७ साली लिंडा पहिली आली, तेव्हा तिचा वाटा साडेपाच टक्क्यांच्या आसपास होता आणि त्या एका वर्षात सुमारे ९९ हजार मुलींचे नाव लिंडा ठेवले गेले. २०२४ साली तिथे पहिल्या क्रमांकावर असलेल्या ऑलिव्हियाचा वाटा एक टक्क्याच्या आतच होता. म्हणजे आजचे अव्वल नाव १९४७ च्या यादीत घातले असते तर ते पहिल्या दहांतही बसले नसते.

आता वर्गाचे गणित करू. तीस मुलांच्या वर्गात पंधरा मुली आहेत असे धरू. आपली मुलगी सोडून उरलेल्या चौदाजणींपैकी निदान एकीचे नाव तेच असण्याची शक्यता काढायची, तर एकीचेही नाव तेच नसण्याची शक्यता आधी काढून ती एकातून वजा करायची. नावाचा वाटा एक टक्का असेल तर हे उत्तर सुमारे १३ टक्के येते. लिंडाच्या काळातला साडेपाच टक्के वाटा धरला तर ते ५५ टक्क्यांच्या जवळ जाते. पहिल्या उदाहरणात आठांपैकी सात वर्गांत दुसरी मुलगी सापडणार नाही, दुसऱ्या उदाहरणात मात्र निम्म्याहून अधिक वर्गांत सापडेल. ही दोन्ही नावे आपापल्या काळात 'क्रमांक एक' होती. शंभराव्या क्रमांकाच्या आसपासचे नाव तर याहूनही बरेच विरळ असते, म्हणून तेवढ्यापुरती काळजी आपण सोडून द्यावी असे मला वाटते. (हे गणित नावे सर्वत्र सारखी विखुरलेली आहेत असे धरून केलेले आहे. एकाच वस्तीतल्या, एकाच भाषेच्या आणि एकाच शिक्षणाच्या आईवडिलांची आवड जुळती असते, त्यामुळे प्रत्यक्ष शक्यता थोडी वर धरावी.)

एका गोष्टीकडे मात्र काळजीपूर्वक पाहावे, आणि ती म्हणजे लेखनाची रूपे. अमेरिकेची यादी आणि इंग्लंड-वेल्सची राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची यादी, या दोन्ही अक्षरे जशीच्या तशी मोजतात. रोमन लिपीत एडन हे नाव चार-पाच प्रकारे लिहिले जाते आणि यादीत ती चार-पाच वेगळी नावे ठरतात. आपण देवनागरीत लिहायला बसलो की हा भेद पुसला जातो आणि सगळ्यांचे 'एडन'च होते. कानालाही ते एकच ऐकू येते. इंग्लंड-वेल्समध्ये २०२३ च्या जन्मांत मुहम्मद हे नाव एका विशिष्ट स्पेलिंगने पहिले आले आणि त्याची आणखी दोन स्पेलिंगे त्याच वर्षी पहिल्या शंभरांत स्वतंत्रपणे उभी होती. जपानमध्ये हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने उभा राहतो. एकच उच्चार अनेक चित्रलिपी-चिन्हांनी लिहिता येतो, म्हणून तिथल्या एका विमा कंपनीच्या प्रसिद्ध वार्षिक पाहणीत लिखित रूपाची आणि उच्चाराची अशा दोन निरनिराळ्या क्रमवाऱ्या देतात, आणि मला तीच पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते. आपल्या मनातल्या नावाची सगळी लेखने शोधून त्यांच्या संख्या एकत्र केल्याशिवाय वाटा काढू नये.

जुने आकडे वापरताना आणखी एक सावधगिरी हवी. सोशल सिक्युरिटीची कार्डे १९३६ च्या अखेरीपासून देऊ लागले, तेव्हा त्याआधी जन्मलेल्यांपैकी ज्यांनी पुढे कधी अर्ज केला त्यांचीच नावे यादीत आली. एका वर्षात पाचांहून कमी बाळांना दिलेली नावे गोपनीयतेसाठी तिथे छापतच नाहीत. इंग्लंड-वेल्समध्ये ही मर्यादा तीनची आहे. त्यामुळे 'हे नाव यादीत पहिल्यांदा अमुक साली आले' यावरून ते नाव त्या साली जन्माला आले असा निष्कर्ष काढता येत नाही.

उत्तर २: पारिजात

अंकगणिती यांनी मोजणीचे लिहिलेच आहे, म्हणून मी आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. कोणीही कोणाला न विचारता शेकडो घरांत एकच नाव का सुचते, हा या विषयातला मला सर्वांत प्रिय प्रश्न आहे.

सर्वसाधारण समजूत अशी असते की नावे वरून खाली येतात, म्हणजे एखादा चित्रपट गाजतो, एखादी राजकन्या जन्मते, एखादे गाणे लोकांच्या तोंडी बसते आणि लोक ते नाव उचलतात. उदाहरणे तपासायला घेतली की ही समजूत बरीचशी ढासळते. जेनिफर हे नाव अमेरिकेत १९७० पासून १९८४ पर्यंत सलग पंधरा वर्षे मुलींमध्ये पहिले होते, आणि त्याचे श्रेय अनेकदा १९७० च्या एका गाजलेल्या प्रेमपटाला दिले जाते. पण तो चित्रपट त्या वर्षाच्या डिसेंबरात प्रदर्शित झाला, आणि जेनिफर १९६८ साली चौथी व १९६९ साली तिसरी होती. चित्रपट आला तेव्हा नाव शिखरापर्यंत जवळजवळ पोहोचलेलेच होते. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबरसन यांनी नावांवरच्या आपल्या २००० सालच्या पुस्तकात मेरिलिनचे उदाहरण घेऊन हेच दुसऱ्या बाजूने दाखवले आहे. हे नाव १९३० च्या दशकात भरभराटीला आले होते, आणि मेरिलिन मन्रो १९५० च्या दशकात जगप्रसिद्ध झाली तेव्हा ते उतरणीला लागलेले होते. तिच्या कीर्तीने ती उतरण थांबली नाही. एका तरुण अभिनेत्रीसाठी त्या काळाच्या कानाला आकर्षक वाटणारे नाव निवडले गेले, असे म्हणणे अधिक खरे आहे. लेखक आणि निर्मातेही त्याच काळाच्या हवेत राहत असतात आणि त्यांनाही तीच नावे सुचतात, हे आपण विसरतो.

मग ती हवा कशाची बनलेली असते? माझ्या मते मुख्यतः ध्वनींची. नाव एकटे चढत नाही, त्याच्याबरोबर त्याच्यासारखी ऐकू येणारी दहा नावे चढतात. २०२३ च्या अमेरिकी यादीतल्या मुलींच्या पहिल्या दहा नावांपैकी आठ 'आ' या ध्वनीवर संपतात: ऑलिव्हिया, एमा, अमेलिया, सोफिया, मिया, इझाबेला, एव्हा, लूना. मुलग्यांमध्ये २०१० च्या सुमारास तिथे 'न'वर संपणाऱ्या नावांचे असेच पीक आले होते. एडन, जेडन, ब्रेडन, केडन, मेसन, लोगन अशा नावांमुळे दर तीन मुलग्यांमागे एकाहून अधिकाच्या नावाचा शेवट 'न'ने होत होता. या आईवडिलांना विचारले असते तर प्रत्येकाने आपले नाव वेगळे असल्याचेच सांगितले असते, आणि अक्षरे पाहिली तर ते खरेही होते. आवड मात्र सर्वांची एकाच ध्वनिसमूहाकडे वळलेली होती.

याचा एक फार सुंदर पुरावा चक्रीवादळांतून मिळाला. जोना बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की एखादे मोठे वादळ येऊन गेले, की त्या वादळाच्या नावातले ध्वनी ज्या नावांत आहेत ती नावे पुढच्या काळात वाढतात. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर खुद्द कॅटरिना हे नाव आईवडिलांनी टाळले, पण 'क'ने सुरू होणारी इतर नावे वाढली. महिनोन्महिने कानावर पडलेला ध्वनी ओळखीचा होतो, ओळखीचा ध्वनी गोड वाटू लागतो, आणि आपल्याला तो कुठून आला याची जाणीवही नसते. वादळाचे नाव हवामान खात्याच्या आधीच ठरलेल्या यादीतून येते आणि कोणाच्या आवडीने निवडलेले नसते, म्हणून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे इथे वेगळे करता येते. चित्रपटाच्या उदाहरणात ते करता येत नाही.

ओंजळ, आपल्याला सुचलेले नाव आपले नव्हते असे मी म्हणणार नाही. पण ते ज्या ध्वनींचे बनलेले आहे ते ध्वनी गेली काही वर्षे आपल्या आणि त्या शेकडो घरांच्या कानांवर सारखेच पडत असावेत. त्यात आजीच्या पिढीची नावे जुनी वाटतात, आईच्या पिढीची फारच ओळखीची वाटतात, आणि आजवर जिवंत माणसाच्या चेहऱ्याशी न जोडलेले नाव ताजे वाटते. हा नियमही सर्वांना सारखाच लागू असतो, त्यामुळे टाळायची नावे सर्वांची सारखी आणि उरलेल्या नावांचे वर्तुळही सर्वांचे जवळजवळ तेच.

उत्तर ३: तटस्थ

पारिजात यांच्या लेखनातला मुख्य मुद्दा मला पटतो, पण बाहेरच्या घटनांना त्यांनी दिलेली जागा मला फार लहान वाटते. लिंडाचेच पाहा. हे नाव आधीपासून चढत होते हे खरे, पण १९४६ ते १९४७ या एका वर्षात त्याचा वाटा सव्वातीन टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांवर गेला आणि त्याच सुमारास त्या नावाचे एक गाणे घरोघरी वाजत होते. एवढी उडी केवळ ध्वनींच्या हवेने बसत नाही. उतरतानाही तसेच होते. ॲलेक्सा हे नाव २०१५ साली अमेरिकेत पहिल्या पन्नासांत होते. ॲमेझॉनचे बोलके उपकरण त्या नावाने हाक मारून वापरले जाऊ लागले आणि चार वर्षांत ते पहिल्या शंभरांतून बाहेर पडले. हाक मारली की यंत्र उत्तर देते असे नाव मुलीला ठेवायला आईवडील धजावले नाहीत, इतके साधे ते कारण आहे.

कायद्याचाही उल्लेख व्हायला हवा. फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने बाळाचे नाव प्रचलित दिनदर्शिकांतून किंवा प्राचीन इतिहासातल्या व्यक्तींच्या नावांतून घेण्याचे बंधन होते. ते १९६६ च्या सूचनेने सैल झाले आणि १९९३ च्या कायद्याने नाव निवडण्याचे स्वातंत्र्य आईवडिलांना मिळाले. अर्थात नाव बाळाच्या हिताविरुद्ध वाटले तर नोंदणी अधिकारी आजही सरकारी वकिलाला कळवू शकतो. आइसलँडमध्ये तर नव्या नावाला मंजुरी देणारी समितीच आहे. जिथे निवडीचा परीघच कायदा आखतो, तिथे 'लोकांची आवड' म्हणून आपण जे वाचतो त्यातले किती लोकांचे आणि किती कायद्याचे, हे तपासावे लागते.

ओंजळ

आपणा तिघांचे मनापासून आभार. वाटा आणि क्रमांक यांतला फरक वाचून मन हलके झाले. तटस्थ यांचे उदाहरण वाचून मात्र नवी शंका आली. लिंडा इतक्या वेगाने चढली आणि आज ते नाव ऐकताच वयस्कर बाई डोळ्यांसमोर येते असे वाचले आहे. एमासारखी नावे मात्र शंभर वर्षांनीही ताजी वाटतात. आमच्या नावाचा चढ बऱ्यापैकी तीव्र आहे. ते या दोहोंपैकी कोणत्या वाटेने जाईल, हे आजच्या आकड्यांवरून काही प्रमाणात तरी ओळखता येते का?

उत्तर ४: पारिजात

काही प्रमाणात येते, आणि त्याचा नियम आश्चर्य वाटावा इतका साधा आहे. जोना बर्गर आणि गाएल ल मेन्स यांनी २००९ साली फ्रान्स आणि अमेरिका या दोन देशांतल्या शतकभराच्या नावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की जे नाव जितक्या वेगाने चढते तितक्याच वेगाने ते पुढे सोडून दिले जाते. त्यांनी बाळाची वाट पाहणाऱ्या आईवडिलांनाही विचारले, तेव्हा वेगाने चढलेली नावे त्यांना चार दिवसांची टूम वाटली आणि म्हणून नकोशी झाली. म्हणजे इथे वेग हाच लोकांना दिसतो आणि वेगामुळेच लोक मागे फिरतात. संथ चढलेल्या नावाकडे कोणी टूम म्हणून पाहत नाही, म्हणून ते टिकते.

फ्रान्समधले केविन हे नाव यासाठी आठवावे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते तिथे मुलग्यांमध्ये सर्वाधिक दिले जाणारे नाव होते, पण थोड्या वर्षांपूर्वी ते जवळजवळ कोणालाच माहीत नव्हते आणि शिखरानंतर ते तितक्याच झपाट्याने ओसरले. त्यापुढची गोष्ट मला फार खुपते. फ्रान्समध्ये आणि जर्मनीतही हे नाव कमी शिकलेल्या घरांचे चिन्ह मानले जाऊ लागले आणि त्या मुलांना मोठेपणी आपल्या नावामुळे हेटाळणी सोसावी लागली. नावाच्या उतरणीत समाजातल्या वरच्या थरांची एक निर्दय सवय दिसते: एखादे नाव सर्वांचे झाले की ते सोडून द्यायचे आणि मग ते जपणाऱ्यांना हसायचे. ज्यांना हे नाव मिळाले त्या मुलांचा यात काहीच दोष नव्हता.

एमाचे मात्र वेगळे आहे. १८८० च्या अमेरिकी यादीत ती तिसरी होती, मग हळूहळू उतरत १९७० च्या दशकात पहिल्या चारशेंच्याही बाहेर गेली, आणि २००८ साली पहिली आली. पुढे २०१४ ते २०१८ अशी सलग पाच वर्षे तिने पहिला क्रमांक राखला. ती शंभर वर्षे ताजी राहिली असे नाही. ती पूर्ण जुनी झाली, त्या नावाच्या वृद्ध स्त्रिया हयात राहिल्या नाहीत, आणि मग नव्या आईवडिलांना ते नाव कोणाच्याही चेहऱ्याशिवाय भेटले. पणजीचे नाव परत येते आणि आईचे येत नाही, याचे कारण हेच. लिंडाला अजून तेवढा काळ मिळालेला नाही.

हे सारे सांगताना एक विरुद्ध मतही नोंदवते. मॅथ्यू हान आणि अलेक्झांडर बेंटले यांनी २००३ साली दाखवले की लोक एकमेकांची नावे केवळ यदृच्छेने उचलतात असे मानले तरी नावांच्या लोकप्रियतेची एकूण विभागणी बरीचशी जुळते. म्हणजे थोडी नावे फार मोठी आणि असंख्य नावे अगदी लहान, ही रचना समजायला आवडीनिवडीचा सिद्धान्त लागतच नाही. अलीकडे, २०२२ साली, मिचेल न्यूबेरी आणि जोशुआ प्लॉटकिन यांनी वर्षावर्षांचे चढउतार तपासून यात भर घातली. त्यांच्या मते नावांच्या बाबतीत विरळ असणे हाच गुण ठरतो, म्हणजे विरळ नावे वाढण्याकडे आणि सर्वांत प्रचलित नावे घटण्याकडे झुकतात. मला हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटत नाहीत. एखाद्या एका नावाचे भविष्य बरेचसे यदृच्छेवर असते, पण शिखरावरच्या नावाखाली उतार आहे हे मात्र जवळजवळ निश्चित असते.

उत्तर ५: वर्गशिक्षिका

मी पंचवीस वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवते आहे आणि माझे स्वतःचे नाव माझ्या पिढीत अतिशय प्रचलित होते, म्हणून दोन गोष्टी अनुभवाने सांगते.

लहानपणी आमच्या वर्गात माझ्या नावाच्या चौघी होतो. त्याचे मला वाईट वाटले नाही, उलट आमच्यात एक आपलेपणा होता. वाईट वाटले ते एका शिक्षकांनी आम्हांला क्रमांक दिले याचे. मी वर्षभर 'तीन नंबर' होते. त्यामुळे माझ्या वर्गात एका नावाची दोन मुले आली तर मी दोघांनाही पूर्ण नावाने हाक मारते, आणि ती मुले त्यात आनंदाने राहतात. समान नावामुळे मुलाचे काही बिघडते असे मी कधी पाहिले नाही.

दुसरी गोष्ट पारिजात यांच्या मुद्द्याला धरून आहे. गेल्या काही वर्षांत माझ्या वर्गांत अगदी एकसारखी नावे फार कमी झाली आहेत, पण एकसारखी ऐकू येणारी नावे फार वाढली आहेत. दोन अक्षरी, मधे तोच स्वर आणि शेवटी तेच व्यंजन अशी पाच मुले एका वर्गात असली की एकाला हाक मारल्यावर तिघे मान वर करतात. हजेरीपटावर ती पाच वेगळी नावे असतात आणि कोणत्याही यादीत ती वेगळीच मोजली जातील. ओंजळ, आपण नावाचा वाटा काढाल तेव्हा त्याच्याशी यमक जुळणाऱ्या नावांकडेही एकवार पाहावे असे मला सुचवावेसे वाटते. कानाला वेगळे ऐकू येणारे नाव यादीत वर असले तरी वर्गात ते वेगळेच ठरते.

ओंजळ

काल रात्री आम्ही दोघांनी बसून हिशोब केला. आमच्या मनातल्या लेखनाचा वाटा ०.३ टक्के निघाला आणि आणखी दोन लेखने मिळवल्यावर तो ०.६ टक्के झाला. अंकगणिती यांच्या पद्धतीने वर्गात दुसरी मुलगी असण्याची शक्यता आठ टक्के येते. आलेख काढून पाहिला तेव्हा पहिल्या वर्षांत चढ संथ होता आणि शेवटच्या तीन वर्षांत तो दरवर्षी साधारण तीस टक्क्यांनी वाढतो आहे असे दिसले. यमकाची नावे मात्र थोडी आहेत, हे पाहून बरे वाटले. माझ्या पतींच्या आजीचे नाव आम्ही आता दुसरा पर्याय म्हणून पुढे घेतले आहे. ते गेली चाळीस वर्षे यादीत कुठेच नाही आणि परवापर्यंत ते मला जुनाट वाटत होते. पारिजात यांचे उत्तर वाचल्यावर ते मी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिले.

उत्तर ६: अंकगणिती

हिशोब बरोबर आहे, फक्त त्यात काळाची एक दुरुस्ती करावी. आपल्यासमोरची यादी मागच्या वर्षी जन्मलेल्या बाळांची आहे, आणि आपल्या मुलीच्या वर्गात येणारी मुले या व पुढच्या वर्षी जन्मलेली असतील. वाढीचा वेग तीस टक्के धरला आणि तो दोन वर्षे टिकला, तर ०.६ चे एक टक्का होते आणि शक्यता आठांवरून तेरा टक्क्यांवर जाते. मी वर दिलेल्या अव्वल नावाच्या उदाहरणात आलेला आकडा हाच आहे. हा वेग कायम राहीलच असे नाही, पण ज्या नावाचा चढ शेवटच्या वर्षांत तीव्र होतो आहे त्याच्यासाठी मी मागच्या वर्षीचा आकडा तसाच वापरणार नाही. आजींच्या नावासाठी मात्र अशी दुरुस्ती करण्याची गरज नाही. यादीत नाही, म्हणजे गेल्या चाळीस वर्षांत कोणत्याही एका वर्षी ते नाव छापण्याच्या मर्यादेइतक्याही बाळांना मिळालेले नाही. एक तपासून पाहावे: त्या नावाशी जुळणारे ध्वनी असलेली दुसरी जुनी नावे गेल्या पाच-सात वर्षांत यादीत परतू लागली आहेत का? तशी दोन-तीन सापडली, तर हे नावही त्यांच्या मागोमाग येण्याची शक्यता धरून चालावे.